दरोड्यासह खुनाच्या शिक्षेवरचं अपील आणि मोफत मिळालेला वकील: साडेचार वर्षांचा अनुभव

पाचपैकी चार तारे.

सेवा कुठली, तर जन्मठेप झालेल्या कैद्याला उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी सरकारी खर्चानं मिळणारा वकील. माझ्या धाकट्या भावाला सत्र न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय दंड संहितेच्या ३९६ कलमाखाली, म्हणजे दरोड्यासह खुनासाठी, जन्मठेप दिली. अपिलाचा निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये लागला. मी अंगणवाडी सेविका आहे, कायदा शिकलेली नाही. खाली जे लिहिलंय ते खटल्याचे कागद (पेपर बुक) वाचून, वकील मॅडमना विचारून आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून कळलेलं आहे.

ज्यांच्या घरातलं माणूस अशाच कलमात आत गेलंय आणि जे आज जमीन विकायला निघालेत, त्यांनी निदान हे वाचेपर्यंत व्यवहार थांबवावा. त्यांच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

आधी गुन्ह्याबद्दल सांगते. ते गाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका शेतवस्तीवर रात्री दोनच्या सुमारास सात-आठ माणसं शिरली. घरातल्या आजोबांच्या डोक्यात लोखंडी गज बसला आणि दवाखान्यात नेताना ते गेले. आजींच्या गळ्यातलं, पायातलं ओरबाडून नेलं. मुलगा अडवायला गेला, त्याचा हात मोडला. त्या आजींची साक्ष मी इतक्या वेळा वाचलीय की ती मला पाठ आहे. त्यांनी काही वाईट हेतूनं खोटं सांगितलं असं मी कधीच म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही.

माझ्या भावाच्या पत्र्याच्या पेटीतून चांदीचे तोडे निघाले, वीस भाराचे. ते त्यानं ओळखीच्या एकाकडून साडेतीन हजाराला घेतले होते. वीस भार चांदी त्या भावात कुणी सरळ मार्गानं विकत नाही, हे त्याला कळायला हवं होतं. कळलं असणारच. ती त्याची चूक आहे आणि त्यानं ती माझ्यासमोर कबूल केलीय. पण तो त्या रात्री त्या वस्तीवर नव्हता.

आता ३९६ ची गोष्ट. हे कलम घरच्यांना समजलं नाही तर अपील कशासाठी करायचं तेच समजत नाही. आमच्या आईचं एकच म्हणणं होतं, "माझ्या पोरानं मारलं नाही, मग खुनाची सजा का?" तिला वाटायचं की एवढं न्यायाधीशांना सांगितलं की तो सुटेल. पण पाच किंवा जास्त जणांनी मिळून दरोडा घातला आणि त्यात एकानं खून केला, तर ३९६ प्रमाणे दरोड्यात असलेला प्रत्येक जण त्या खुनाला जबाबदार धरला जातो. गज कुणाच्या हातात होता हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागत नाही. शिक्षा फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे "मारलं कुणी" यावर भांडून काही हाती लागत नाही. भांडायचं ते "तिथे होता का" यावर. ही एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर आमचं अख्खं वर्ष वाचलं असतं.

ते वर्ष खासगी वकिलात गेलं. निकालानंतर गावातल्या एकाच्या ओळखीनं आम्ही एक वकील गाठले. साठ हजार फी, वर खर्चाचे म्हणून पंधरा हजार. त्यासाठी आईनं एक म्हैस विकली आणि मी बचत गटातून कर्ज उचललं. ते म्हणाले, "अपील टाकलंय, नंबर पडायला वेळ लागतो." मी दर महिन्याला फोन करायचे. शेवटी शेजारच्या एका पोरानं मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडून भावाच्या नावानं शोधलं, तर काहीच निघालं नाही. अपील दाखलच नव्हतं. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत शिक्षेच्या तारखेपासून ६० दिवस असते (फाशी असेल तर ३०), आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. आमचा उशीर तोवर दोनशे दिवसांच्या वर गेला होता.

म्हणून सांगते, वकील खासगी असो की सरकारी, दाखल झाल्याचा नंबर मागा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो हातात आला की पुढची तारीख, बोर्ड (त्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी), आदेश सगळं स्वतः बघता येतं. नंबर देत नसतील तर अपील दाखल नाही असंच समजा.

मोफत वकिलाबद्दल मला पहिल्यांदा भावानं सांगितलं, तेही तुरुंगातून. त्याच्या बराकीत एक जुना कैदी विधी सेवेचा स्वयंसेवक म्हणून काम करायचा. भाऊ मुलाखतीला जाळीपलीकडून म्हणाला, "आक्का, तू पैसे नको घालू आता. इथूनच अर्ज जातो म्हणे." मला खरं वाटलं नाही. फुकट मिळतं ते कसं असणार, असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं.

मी तरी चौकशीला एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसानं उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितला. तलाठी, सेतू, तहसील करून तो आणला. मग म्हणाले, दाखला कैद्याच्या नावाचा हवा. तीन खेपा झाल्या, तीन दिवसांची रजा गेली. नंतर मॅडमनी सांगितलं की यातलं काहीच लागत नव्हतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये कोण पात्र आहे त्याची यादी आहे. त्यात स्त्रिया आहेत, मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आहेत, आणि कोठडीत असलेला माणूस हा वेगळाच धरलेला आहे. आत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. तुमच्याकडे कुणी दाखला मागितला तर हे कलम लिहून घेऊन जा. १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा फोन नंबर आहे, तिथेही विचारता येतं.

शेवटी अर्ज तुरुंगातूनच गेला. कैदी तुरुंगाच्या अधीक्षकामार्फत अपील पाठवू शकतो, तशी तरतूदच आहे, आणि निकालपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळायला हवी हेही कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये होसकोट खटल्यात, जो आपल्याच राज्याचा होता, सांगून ठेवलंय की प्रत वेळेत द्या आणि ऐपत नसलेल्या कैद्याला अपिलासाठी वकील द्या. हे उपकार म्हणून मिळत नाही, ते हक्कानं मागायचं असतं. मला हे उशिरा कळलं.

आता तारा का कापला ते. आम्हाला आधी जे वकील नेमले गेले, ते काही महिन्यांनी विधी सेवेच्या वकिलांच्या यादीतून (पॅनेलमधून) बाहेर पडले. कुणी आम्हाला सांगितलं नाही, भावालाही नाही. फाइल सात महिने तशीच पडून राहिली. मी फोन करत राहिले, तो लागायचा नाही, आणि मला वाटायचं कोरोनामुळे सगळंच बंद आहे. त्या सात महिन्यांत माझा भाऊ रोज कुणीतरी आपल्यासाठी काम करतंय असं समजून झोपत होता. वकील बदलला तर कैद्याला आणि घरच्यांना एक पत्र, एक मेसेज जायला हवा. याला काही पैसे लागत नाहीत. या सेवेतली ही त्रुटी मला अजून सलते.

मग मॅडम नेमल्या गेल्या, आणि इथून पुढे माझी काही तक्रार नाही.

पहिली भेट त्यांच्या ऑफिसात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मी आवळ्याचा मुरंबा घेऊन गेले होते. त्यांनी तो टेबलावर बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, भाऊ चांगला आहे की वाईट हे मला नंतर सांगा. आधी सांगा, तोडे कुठून आले?" मी खोटं सांगायच्या तयारीनं गेले होते. भावानं आणि मी ठरवलं होतं की तोडे आईचे आहेत असं सांगायचं. त्यांच्या विचारण्यात काहीतरी होतं, मी खरं सांगितलं. त्यांनी डोकं हलवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता काय लढायचं ते मला कळलं. तोडे आईचे असं म्हटलं असतंत तर आजींनी तोडे ओळखलेत या एका वाक्यावर सगळं गेलं असतं."

मॅडमची वकिली चौदा वर्षांची होती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९ मध्ये अनोखीलाल खटल्यात म्हटलंय की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा प्रकरणांत किमान दहा वर्षं वकिली केलेल्यांचाच विचार व्हावा. तेव्हा मोफत म्हणजे नवखं पोरगं पाठवतील ही भीती सोडा. नेमलेल्या वकिलाला फी विधी सेवा समितीकडून मिळते, घरच्यांकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. आमच्याकडून कधी घेतला गेला नाही. माझा खर्च एस.टी. आणि झेरॉक्स एवढाच.

उशीर माफ करण्याचा अर्ज मॅडमनी आधी केला. महिन्यांचा हिशेब, खासगी वकिलाला दिलेल्या पैशांची पावती नसली तरी बचत गटाच्या वहीतली कर्जाची नोंद, हे सगळं जोडलं. उशीर माफ झाला, अपील दाखल झालं. शिक्षेला स्थगिती आणि जामीन मात्र मिळाला नाही. त्यानंतर आईनं दोन दिवस जेवण घेतलं नाही. मॅडम फोनवर म्हणाल्या, "आत्ता कोर्टानं पुरावा तपासलेला नाही, फक्त वरवर पाहिलंय. शेवटच्या सुनावणीला वेगळं होईल." असं सांगणारा वकील मला आधी भेटला नव्हता. त्यांनी खोटी आशा कधी दाखवली नाही, म्हणून खरी आशा दाखवली तेव्हा विश्वास बसला.

पेपर बुक आलं, ४१८ पानांचं. पेपर बुक म्हणजे खटल्यातल्या साक्षी, पंचनामे, दस्तऐवज, निकालपत्र एकत्र बांधलेलं. मॅडमकडे तेव्हा आमच्यासारखी किती प्रकरणं असतील देव जाणे. मी म्हटलं, मी वाचून काही उपयोग होईल का? त्या म्हणाल्या, "गाव तुम्हाला माहीत आहे, अंधार तुम्हाला माहीत आहे. वाचा."

अंगणवाडीत आमचा जन्म रजिस्टर भरण्यात जातो. मी एक कोरं रजिस्टर घेतलं आणि रकाने आखले. साक्षीदार क्रमांक, त्या रात्री कुठे होता, उजेड कुठला होता, दरोडेखोराच्या तोंडावर फडकं होतं का, पोलिसांना पहिल्या जबाबात काय सांगितलं, कोर्टात काय सांगितलं, पान. मुलांना झोपवून रात्री दहा ते बारा, दीड महिना हेच काम केलं. सोळा साक्षीदार होते. पंचांपैकी दोघे फितूर झालेले.

एकसष्टाव्या पानावर आजींचा उलटतपास होता. तिथे एक ओळ होती: "ओळखपरेडच्या अगोदर मला ठाण्यात बोलावले होते. तेथे काही इसम बसलेले होते." एवढंच. खालच्या कोर्टातल्या वकिलांनी हे वाक्य काढून घेतलं होतं, पण युक्तिवादात वापरलं नव्हतं, आणि निकालपत्रात त्याचा उल्लेखही नव्हता. म्हणजे परेडच्या आधीच आजींनी संशयितांना ठाण्यात पाहिलं असू शकत होतं. मी त्या पानाला लाल दोरा लावला.

ओळखपरेडबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दरोड्याच्या बहुतेक खटल्यांत, जिथे आरोपी अनोळखी असतात, तिथे सगळा भार हिच्यावरच असतो. ओळखपरेड म्हणजे संशयिताला दुसऱ्या माणसांत, म्हणजे डमींत, उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावणं. परेड तुरुंगात होते, पोलिसांनी हजर राहायचं नसतं, नायब तहसीलदारासारखा दंडाधिकारी ती घेतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की एक संशयित असेल तर निदान सहा डमी, दोन असतील तर दहा-बारा, आणि सहसा एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त संशयित उभे करू नयेत. आमच्या प्रकरणात चार संशयित एकाच रांगेत होते आणि डमी बारा. अटकेनंतर परेड झाली त्रेचाळिसाव्या दिवशी. मधल्या काळात पेपरात फोटो छापून आला होता, बुरख्याशिवाय. परेडचा पंचनामा वाचला तर सगळं नीट झाल्यासारखं दिसतं. तारखा आणि डमी मोजल्या की ते उलगडतं. आणि परेड हा मूळ पुरावाच नव्हे, मूळ पुरावा म्हणजे साक्षीदारानं कोर्टात केलेली ओळख. परेड फक्त त्या ओळखीला आधार देते. पाया आधीच कच्चा असेल तर कोर्टातली ओळख कशावर उभी राहणार?

याच्यावर मॅडमनी मला एक निकाल वाचायला दिला. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं २००३ मधलं दरोडा आणि खुनांचं प्रकरण. भटक्या जमातीतले सहा जण. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली होती आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून त्यांनाही फाशी सुनावली होती. पुढे पुनर्विलोकनात तेच प्रकरण परत उघडलं आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. जखमी बाईंनी आधी पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते आणि ती गोष्ट दडपली गेली होती. राज्यानं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. माझ्या भावाला शिक्षा झाली त्याच्या पंधरा-वीस दिवसांतच हा निकाल आला होता. पेपरात ती बातमी मी पाहिली होती, वाचली नव्हती. तेव्हा मला फक्त आपलं दुःख दिसत होतं.

दुसरा धागा तोड्यांचा. पोलिसांनी भावाचं निवेदन लिहून घेतलं आणि तोडे काढून दिल्याचा पंचनामा केला. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे तेवढाच भाग चालतो. प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाच्या, कोट्टय्या निकालापासून हे ठरलेलं आहे. भावाच्या निवेदनात लिहिलं होतं, "मी व माझ्या साथीदारांनी दरोडा टाकून चोरलेले तोडे पेटीत ठेवले आहेत, ते काढून देतो." यातलं चालतं किती? "पेटीत ठेवले आहेत, ते काढून देतो." आधीचं सगळं बाद. खालच्या कोर्टानं आख्खं वाक्य निकालपत्रात उतरवलं होतं आणि त्यावर शिक्षा उभी केली होती. मॅडमनी पेन्सिलीनं ते वाक्य मधोमध कापून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस घरी येऊ शकतो.

चोरीचा माल लगेच कुणाकडे सापडला तर तो चोर असेल किंवा जाणूनबुजून घेणारा असेल, असं कोर्ट धरू शकतं. पण त्यावरून तो खुनातही होता असं आपोआप ठरत नाही. सानवत खान विरुद्ध राजस्थान राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल यासाठी वापरतात. ज्यांच्या घरात फक्त माल सापडलाय त्यांनी वकिलाला हे नाव जरूर विचारावं.

भाषांतराबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात कच्चा दुवा माझ्या मते हाच आहे. आजींच्या मुलानं मराठीत सांगितलं होतं, "चार नंबरचा इसम त्यांच्यातल्या एकासारखा दिसतो." चार नंबर म्हणजे माझा भाऊ. इंग्रजी भाषांतरात झालं होतं की चार नंबरचा इसम त्यांच्यातला एक आहे. "सारखा" गेला. एका शब्दात जन्मठेप होती हो! मॅडमना इंग्रजी पानं वाचायची सवय, त्यांच्याही नजरेतून ते सुटलं होतं. मी मराठी पान शेजारी ठेवून वाचत होते म्हणून सापडलं. त्यांनी लगेच फोन लावला आणि मूळ रेकॉर्डमधल्या पानाची खात्री करून घेतली. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर लाजू नका. मराठी साक्षी मागून घ्या आणि त्याच वाचा. जो फरक तुम्हाला दिसेल तो दुसऱ्या कुणाला दिसणार नाही.

सुनावणीला प्रकरण बोर्डावर नऊ वेळा आलं आणि आठ वेळा पोचलंच नाही. पहाटेची गाडी, दिवसभर बाकावर, संध्याकाळी परत. जन्मठेपेचं अपील दोन न्यायमूर्तींपुढे चालतं. त्यांच्यापुढच्या कागदांची चळत पाहिली की राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. एक धीर मॅडमनी दिला होता: एखाद्या तारखेला वकील हजर नसला म्हणून अपील तसंच फेटाळता येत नाही, रेकॉर्ड पाहूनच निकाल द्यावा लागतो, असं १९९६ च्या बनी सिंग निकालात आहे. त्यामुळे गाडी चुकली की माझ्या पोटात गोळा यायचा, तो थांबला.

नवव्या वेळी पोचलं. दोन दिवस मिळून दीड तास. मॅडम हळू आवाजात बोलतात. पान एकसष्ट, मग परेडच्या तारखा, डमींची संख्या, मग तो "सारखा". एका न्यायमूर्तींनी मराठी पान मागून घेतलं आणि स्वतः वाचलं, पुटपुटत. सरकारी वकिलांनीही आपलं काम नीट केलं. त्यांनी तोड्यांवर जोर दिला, आणि तो द्यायलाच हवा होता.

निकाल असा. सात आरोपींपैकी दोघे खालीच सुटले होते, पाच जणांना शिक्षा होती. उच्च न्यायालयानं दोघांचं ३९६ कायम ठेवलं. त्यातला एक त्या वस्तीवर पूर्वी सालगडी होता, आजी आणि मुलगा त्याला चेहऱ्यानं आणि आवाजानं आधीपासून ओळखत होते. तिसऱ्या-चौथ्याला संशयाचा फायदा मिळाला. मला शंका होती की दोघेच उरले तर दरोडा कसा, त्याला तर पाच लागतात. मॅडमनी समजावलं: पाच किंवा जास्त माणसं त्या रात्री होती हे सिद्ध झालं असेल आणि बाकीचे ओळखता आले नसतील, तर उरलेल्यांवर दरोड्याचं कलम टिकतं. पण आरोपी तेवढेच होते आणि त्यातले काही तिथे नव्हतेच असं ठरून पाचपेक्षा कमी उरले, तर टिकत नाही. ज्यांच्याकडे आरोपी एकेक करून सुटत चाललेत त्यांनी हा आकडा मोजत राहावा.

माझ्या भावाचं ३९६ रद्द झालं. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवल्याचं कलम ४११ लागलं. दरोड्याचा माल आहे हे त्याला ठाऊक होतं असा पुरावा नाही, म्हणून ४१२ नाही. ४११ ची जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. तो आत होता डिसेंबर २०१५ पासून, म्हणजे सात वर्षं आठ महिने. वरच्या वर्षांचं काय, असं मी विचारलं. आपल्याकडे त्याची आपोआप भरपाई देणारा कायदा नाही. विधी आयोगानं २०१८ च्या २७७ व्या अहवालात असा कायदा करा म्हणून शिफारस केली होती, एवढंच मॅडमनी सांगितलं आणि गप्प झाल्या. त्या वर्षांत त्याची मुलगी बालवाडीतून पाचवीत गेली. माझ्याच अंगणवाडीत होती ती.

नव्यानं ज्यांच्यावर गुन्हे दाखल झालेत त्यांच्यासाठी: १ जुलै २०२४ पासून कलमांचे नंबर बदललेत. दरोड्यासह खून आता भारतीय न्याय संहितेच्या ३१०(३) मध्ये आहे आणि तिथे मुदतीची कैद दिली तर ती किमान दहा वर्षांची, पूर्वीसारखी दहापर्यंतची नाही. शिक्षेविरुद्धचं अपील भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१५ कलमाखाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते.

पहिल्या भेटीला जाताना निकालपत्राची प्रत, अटकेची तारीख लिहिलेला कागद आणि तुरुंगातला कैदी क्रमांक एवढं न्या. पेपरात फोटो आला असेल तर ते कात्रण नक्की न्या. आमचं कात्रण आईनं तांदळाच्या डब्याखाली दडवून ठेवलं होतं, लाजेनं, आणि तेच कामाला आलं. आणि खरं सांगा, पहिल्याच दिवशी.

भाऊ निकालानंतर चौथ्या दिवशी सुटला. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे मॅडमकडे गेलो. त्यानं वाकून नमस्कार केला, त्यांनी त्याला उभं केलं आणि काम बघतोस का विचारलं. मुरंब्याची रिकामी बरणी त्यांनी धुऊन ठेवली होती, ती परत दिली. रजिस्टरही परत दिलं, पानोपानी त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

शेजारच्या तालुक्यातल्या एक बाई मागच्या महिन्यात घरी आल्या होत्या, त्यांचा मुलगा ३९६ मध्येच आत आहे, मुदतीचे एकवीस दिवस उरले होते. माझं रजिस्टर मी त्यांना दिलं नाही, त्यात दुसऱ्यांची नावं आहेत. नवं आणलं, तेच रकाने आखले, आणि पहिल्या पानावर १५१०० लिहून दिलं.